प्रयागचं पाणी आणि माझी म्हैस

प्रयागे, म्हैस ठेवायची का काढायची, एवढंच तुला विचारायचं होतं. आणि तू तर गेलीस.

काल तुझा जलदानविधी झाला. मी मागं भिंतीला टेकून बसले होते. गुडघे आता मांडी घालू देत नाहीत. सगळ्यांनी त्रिशरण म्हटलं तेव्हा मीही ओठ हलवले. तू शेजारी असतीस तर कोपर मारून म्हणाली असतीस, "गोदे, पाठ न्हाई तर गप बस की." मग भाषणं झाली. एकजण म्हणाला, बाई अत्यंत मितभाषी होत्या. दुसरा म्हणाला, त्यांनी कधी कुणाला उलट उत्तर दिलं नाही. मी दचकून तुझ्या फोटोकडं बघितलं. म्हटलं, चुकून भलत्याच बाईच्या कार्यक्रमाला येऊन बसले की काय!

निघताना आपले नवे साहेब दारात भेटले. पोरगेलेसे आहेत, पण बोलायला मऊ. म्हणाले, "मॅडम, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नवं मशीन बसतंय. सोमवारी गवंडी येणार आहे. प्रयागबाईंची आठवण म्हणून हॉलमधलं ते पाण्याचं चित्र तसंच ठेवावं म्हणतो. फक्त मधला तो काळा डाग आहे ना, ओल आलीय बहुतेक, तेवढा खरवडून घेऊ का? तुम्ही त्यांच्या जवळच्या. तुम्ही सांगाल तसं."

ओल! माझ्या म्हशीला ओल म्हणाला गं तो! तू असतीस तर टाळीच मागितली असतीस. आयुष्यभर म्हणत आलीस, ही म्हैस न्हाई म्हणून. शेवटी एक साक्षीदार मिळाला तुला, तोही तू गेल्यावर.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तेच डोक्यात. ठेवू का काढू? ठेवली तर तुझा शब्द मोडते. काढली तर आपलं भांडण संपतं. आणि खरं सांगू का, तुझं माझं भांडण संपावं असं मला कधीच वाटलं नव्हतं.

ज्यांनी तो हॉल बघितलेला नाही त्यांना काय कळणार म्हणा. तेव्हा घरोघरी फोन नव्हते. परगावी बोलायचं तर आपल्या एक्स्चेंजमध्ये यायचं, खिडकीत नंबर द्यायचा आणि बाकड्यावर बसून राहायचं. ट्रंक कॉल लागायला कधी तास, कधी अख्खी दुपार. आतल्या खोलीत आपण बायका बोर्डापुढं, कानाला हेडफोन, हातात दोऱ्या. इकडची दोरी तिकडं खुपसायची की पालमचा माणूस पुण्याच्या माणसाशी बोलायचा. नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आजी, तू आयुष्यभर दुसऱ्याचं ऐकत बसायचीस?" म्हटलं, हो बाई, आणि घरी आल्यावर तुझ्या आजोबांचं.

नियम मात्र एकच होता. लाइन लागली का एवढं बघायला कान द्यायचा. ऐकलेलं गिळून टाकायचं. कुणाचं मरण, कुणाचं मोडलेलं लग्न, सगळं पोटात. ड्यूटी संपली की कानात घूं घूं चालू राहायचं. तू म्हणायचीस, "घरी जाऊन भाकर खावी तरी कुठं? पोट तर लोकांच्या बातम्यांनीच भरलंय."

मी नवीन होते तेव्हा काय शहाणी होते, आठवतं? घरी चार बैलांची शेती, दारात म्हशी, आणि डोक्यात दोन-चार व्याख्यानं ऐकून भरलेलं वारं. पहिल्याच आठवड्यात तुझ्या डब्यातली भाकरी मोडून घेतली. घेतली ती घेतली, वर मान करून चौफेर बघितलं, कोण कोण बघतंय ते. तू शांतपणे चटणी पुढं सारलीस आणि म्हणालीस, "खाय की. इकडं तिकडं काय बघायलीस? फोटोवाला येणार हाय का?"

त्या वेळी खाली मान घालून ती भाकरी संपवली होती. आता ते आठवून एकटीच हसते. सून विचारते, काय झालं? काय सांगू तिला, एक महान समाजसुधारक आठवली म्हणून?

मग तो पावसाळा आला. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आपल्या सगळ्या मुलुखात गावोगाव घरं पेटायला लागली. एसट्या बंद, रस्ते बंद. फोन तेवढा चालू. बोर्डावरचे दिवे विझायलाच तयार नव्हते. त्या दिवशी दुपारी तू माझ्या शेजारच्या बोर्डावर होतीस. एक दोरी तू लावलीस, कान दिलास, आणि तुझा हात तसाच दोरीवर राहिला. मी बघत होते. हात दोरीवरच, पण ओढली नाहीस. बोलणं संपलं, तू दोरी काढलीस, हेडफोन नीट खुंटीला अडकवलास आणि उठून बाहेर गेलीस.

मी मागून आले तर तू हॉलमध्ये बाकड्यावर, लोकांच्या रांगेत बसलेली. समोर ती भिंत. पोपडे आलेली, पानाच्या पिचकाऱ्यांनी खालून लाल झालेली. तिच्याकडं बघत बसली होतीस. मी विचारलं, "काय झालं गं?"

"काय न्हाई. लाइन लय साफ होती, गोदे. एकेक शब्द कळला."

तेवढंच. दोन-तीन दिवसांनी तुझा भाऊ बायकापोरांना घेऊन आला. अंगावरच्या कपड्यांशिवाय त्यांच्याकडं फक्त एक पितळेची कळशी होती. घर राहिलं नव्हतं. त्या दुपारी कानावर काय आलं, कोण बोलत होतं, आपल्याच गावाचं बोलणं आहे हे तुला तेव्हाच कळलं होतं का, मी कधी विचारलं नाही. तू कधी सांगितलं नाहीस. नियम पाळलास म्हणून तुला छळत होतं का काही? का पाळला नसतास तरी काही झालं नसतं, हे माहीत होतं तुला? इतक्या गप्पा मारल्या आपण, मुलांच्या बाळंतपणापासून साहेबांच्या ढेरीपर्यंत. या एका गोष्टीच्या कडेनं मात्र वळसा घालून जायचो.

दिवाळीच्या आधी हॉलला चुना मारायचा असतो. त्या वर्षी तू साहेबांना म्हणालीस, "समोरची भिंत माझ्याकडं द्या. चुना तुमचा, हात माझा." तेव्हाचे साहेब म्हणजे टाकळकर. भित्रे, पण बाईमाणसाला नाही म्हणायला त्याहून भित्रे. हो म्हणाले. तुझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, त्यांचे ब्रश घेऊन आलीस. चुन्यात कपड्याची नीळ कालवलीस, तीन बोटांनी, चव बघितल्यासारखी. आणि येलदरीचं पाणी काढलंस.

धरण नाही, त्याची भिंत नाही, वीजघर नाही. नुसतं पाणी. दुपारचं, वारा पडलेलं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर बोटभर आभाळ आणि लांब काठाची एक मळकी रेघ.

मला पहिल्यांदा ते अर्धवट वाटलं होतं. विचारलंच मी, "आणि ह्याच्यात कोण येणार?"

"कोणीच न्हाई."

"एखादी होडी?"

"न्हाई."

"निदान बगळा?"

"गोदे, तुझा नंबर लागलाय, आत जा."

पण आठवड्याभरात मी बघितलं ते बघितलं. बाकड्यावरची माणसं हळू बोलायला लागली. भिंतीवर थुंकायची थांबली. पाण्यात कसं थुंकणार? एक म्हातारा मुलाच्या तब्येतीचा फोन लावून बसला होता. लाइन मिळेना. एरवी अशी माणसं खिडकीवर हात आपटतात. तो पाण्याकडं बघत बसला, मधेच डोळे मिटले, परत उघडले. आपणही ड्यूटी संपली की थेट घरी न जाता तिथं टेकायला लागलो. कानातलं घूं घूं हळूहळू बसायचं, गाळ बसतो तसं. टाकळकर साहेबही फाइल शोधायच्या निमित्तानं हॉलमध्ये यायचे. तिथं कसली आलीय फाइल!

आणि मग एक दिवस तो पुढारी आला. मुंबईचा कॉल लावून बाकड्यावर बसला, आणि खालून वर नजर फिरवून मोठ्यानं म्हणाला, "कामून हो साहेब, हापिसाला निळा झेंडा लावला का?"

तेव्हाचे दिवस कसे होते ते आता काय सांगायचं! रंगावरून माणूस ओळखायचे. टाकळकरांना घाम फुटला. त्यांना खिडकीच्या काचा दिसायला लागल्या, आणि काचांवर येणारे दगड. संध्याकाळी तुला बोलावून म्हणाले, "प्रयागबाई, रंग तेवढा बदला. नाहीतर मला चुना मारावा लागेल."

"पाण्याचा रंग बदलू?"

"म्हणजे थोडा हिरवा करा."

"हिरवा केला तर उद्या म्हणतील, मोहरम बसवला."

"मग संध्याकाळचं दाखवा. भगवं."

"मग आमचे लोक मला काय म्हणतील?"

"लालसर?"

"तो शेतकऱ्यांच्या पार्टीचा हाय. आणि साहेब, ही नुसती कपड्याची नीळ हाय. त्या पुढाऱ्याचा सदरा बी हिच्यातूनच काढत्यात."

साहेब हसले नाहीत. आठवडाभराची मुदत दिली. बिचाऱ्या पाण्याला अख्ख्या जिल्ह्यात रंग उरला नव्हता.

इथं तुझी गोदा पुढं सरसावली. मी तुला तोडगा सुचवला: काठावर एक देऊळ काढ, पोखर्णीच्या नरसिंहाचं. म्हणजे कुणाचं तोंड उघडणार नाही. तू म्हणालीस, "नरसिंह आला की मांडीवर हिरण्यकश्यपू बी लागंल. तो कोणाला बनवू, टाकळकरला?" मी खो खो हसले, पण मनातून फुरंगटले. माझी कल्पना होती ना! माझ्या कल्पना तेव्हा सोन्याच्या असायच्या.

म्हणून रविवारी, तुझी सुट्टी बघून, मी लाइनमन रहीमभाईंकडं गेले. खांबांना लावायचं डांबर मागितलं. ते म्हणाले, "ले जाओ बाई, मगर दीवार पे डांबर कायकू?" मी म्हटलं, बघाच. पदर खोचला आणि तुझ्या पाण्याच्या मधोमध एक म्हैस काढली.

म्हशी माझ्या दारातल्या होत्या, त्यामुळं मला वाटलं, डोळे मिटून जमेल. डोळे मिटून काढल्यासारखीच झाली. पाठ ट्रंकेसारखी, एक शिंग वर, एक कुठं गेलं तेच कळेना. रहीमभाई बराच वेळ बघून म्हणाले, "माशाल्ला. है क्या मगर?"

पण सोमवारी तो पुढारी परत आला, सोबत चौघंजण घेऊन. भांडायलाच आले होते. बाकड्यावर बसले, आणि एकाचं तोंड उघडलं:

"ही म्हैस हाय का?"

"म्हैस कुठली? खडक हाय तो."

"खडकाला शिंग असतंय का?"

"शिंग न्हाई, कान हाय."

"आरं जाफराबादी दिसायली. डोकं बघ."

"भाकड असंल."

"बुडायली का पोहायली?"

पुढारी स्वतः उठून भिंतीपाशी गेला आणि लांबून, जवळून बघून निकाल दिला, की म्हैसच आहे, गाभण आहे, आणि काढणाऱ्यानं कास दाखवायला पाहिजे होती. कॉल लागला, बोलला, निघून गेला. निळ्याचं नावही कुणी काढलं नाही. म्हशीच्या पाण्याला कोण झेंडा म्हणणार? टाकळकरांनी मला चहा पाजला.

तू दुपारच्या पाळीला आलीस. बघितलंस. चुना कालवलास आणि माझ्या म्हशीवर हात मारलास. तिसऱ्या दिवशी ती वर आली. पिवळी पडून, मग तपकिरी, मग जशी होती तशी काळी. परत हात मारलास. परत आली. डांबर चुन्याखाली राहतं होय कधी! बोर्डावरच्या बायका हसून हसून दोऱ्या चुकीच्या लावायला लागल्या. मीही हसत होते. तू नव्हतीस हसत.

मग बाकड्यावर मला बसवलंस.

"कामून काढलीस?"

"चित्र वाचलं का न्हाई?"

"वाचलं. पण माझं कुठं राहिलं?"

"एक म्हैसच तर आहे, प्रयागे."

तू पाण्याकडं बघत बोललीस, माझ्याकडं नाही. "आमच्या गावात म्हशी नदीच्या वरल्या अंगाला पाणी प्यायच्या. माझी माय खालच्या अंगाला कळशी घेऊन उभी राहायची. म्हशींचं झालं, गढूळ खाली बसलं, की मग भरायची. मला वाटलं, एक पाणी तरी असं काढावं, ज्याच्यात आमच्या आधी कोणी उतरलेलं न्हाई."

यावर मी काय म्हणाले माहीत आहे ना? अजून कान लाल होतात. मी म्हणाले, "पण माझी म्हैस तशी नाही गं. लय गरीब आहे."

तू माझ्याकडं वळलीस. आणि हसायलाच लागलीस. इतकी हसलीस की डोळ्यांतून पाणी आलं, बाकड्यावरची माणसं वळून बघायला लागली. मला वाटलं, चला, मिटलं. ते हसणं होतं का, हे मला आजवर नक्की सांगता येत नाही.

पुढं दर दिवाळीला तू पाणी नव्यानं रंगवायचीस. म्हशीच्या कडेनं ब्रश असा जपून न्यायचीस, जणू शिवलं तर विटाळ होईल. "तुझा डाग, तूच धू," म्हणायचीस. आणि दर दिवाळीला आपलं तेच भांडण. तुझं म्हणणं, लोक आता पाणी बघत नाहीत, तो काळा डाग बघतात. माझं म्हणणं, म्हैस नसती तर बघायला भिंतच राहिली नसती. तू म्हणायचीस, "असलं वाचवणं नको होतं मला." मी म्हणायचे, "मग मरू द्यायचं होतं का?" मग चहा. माझे मालक गेले तेव्हा तू माझ्या पाळ्या महिनाभर केल्यास, साहेबांना न विचारता. कामावर परत आले त्या दिवशीही बोर्डावर बसू दिलं नाहीस. हॉलमध्ये नेलंस, पाण्यापुढं बसवलंस आणि म्हणालीस, "बघ, तुझी म्हैस बी तुझ्यासारखीच हाय. ना बुडायली ना निघायली." त्या दिवशी पहिल्यांदा तू तिला म्हैस म्हणालीस. जिंकल्याचं बोलून दाखवायची ती वेळ नव्हती.

आजारपणात शेवटी शेवटी भेटायला आले, तेव्हा तू मला विचारलंस, "नावाचं काय झालं गं?" विद्यापीठाच्या. मी म्हटलं, अजून काही नाही. मोर्चे निघतात, घोषणा होतात. तू डोळे मिटून म्हणालीस, "कंटाळा आला माय." मलाही आलाय, प्रयागे. एका पाटीवर एक नाव लिहायला एवढी वर्षं, एवढी घरं. तुझ्या वडिलांनी दुपारच्या जेवणाआधी रंगवून दिली असती ती पाटी.

इथपर्यंत शनिवारी लिहिलं होतं. आज सोमवार.

सकाळी एक्स्चेंजमध्ये गेले. हॉलमध्ये कुणी नव्हतं. गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे फोनचे बूथ झाले, आता बाकड्यावर ताटकळायला कोण येणार? गवंडी छिन्नी घेऊन उभा. साहेबांनी विचारलं, "काय ठरलं मॅडम?"

मी रात्रभर तुझी बाजू मांडली होती आणि माझीही. जमेना. मीच दोन्हीकडून बोलायचं म्हणजे दोन्हीकडून पडायचं. भांडायला तू नाहीस तर जिंकून काय करू? म्हटलं, काढा.

डांबर सहजी सुटेना. आतल्या विटेपर्यंत खरवडावं लागलं. गवंडी वैतागून म्हणाला, "कोणं लावलं हो हे?" मी म्हटलं, होती एक शहाणी. खड्डा बुजवला, गिलावा केला. चुन्याचा हात मात्र मी त्याला मारू दिला नाही. नीळ आणली होती. तीन बोटांनी कालवली, तुझ्यासारखी. स्टुलावर चढताना साहेबांनी हात धरला. त्यांना वाटलं असेल, म्हातारी पडते आता.

ओला चुना लावताना दिसतच नाही. वाळेल तसा रंग उमटतो. म्हणून मी बाकड्यावर बसून राहिले. साहेब जेवायला गेले, गवंडी गेला. आत नव्या मशीनची खोकी उघडत होते. हळूहळू मधला ठिपका निळा होत गेला. आजूबाजूच्या निळ्याशी पुरता जुळला नाही, पण जुळेल.

ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत आता कुणी नाही, प्रयागे. तुला पाहिजे होतं तसं झालं. मला वाटलं होतं, बरं वाटेल, डोकं शांत होईल. बसले, बसले, आणि डोळे त्याच जागी जात राहिले.

लय मोकळं झालंय गं. एवढं मोकळं पाणी तू एकटीनं कसं बघत बसायचीस?